उणे वीसमधलं पाणी

हॅर्कालाहती,
रविवार, ११ जानेवारी १९७०

प्रिय राइलीस,
स. न. वि. वि.

तुझं पाकीट काल टपालाच्या बसनं आलं. डबा शाबूत होता, पण आतली बिस्किटं स्वीडनहून चालत आल्यासारखी दमलेली होती. केर्त्तूनं चुरा चमच्यानं खाल्ला. ओस्मोनं त्यातून एक अख्खं बिस्किट शोधून काढलं आणि हे आईनं स्वतः केलंय म्हणून खिडकीत ठेवून दिलं. आई तिथं नुसती डब्यांना झाकणं लावते असं मी सांगितलं, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तुझी चहाडीच केली.

मुलं मजेत आहेत. पत्र फोडल्याबरोबर तू हेच वाक्य शोधणार, म्हणून लवकर लिहून टाकते. पारा उणे पंचवीसच्या खाली गेला तरच आम्ही घरात बसतो, नाहीतर दिवसातून दोनदा बाहेर. सकाळी उजाडल्यावर आणि दुपारी अंधार पडायच्या आत. केर्त्तू साडेतीन वर्षांची घोडी झाली, तरी तिला दुपारची झोप बाहेरच लागते. गोठ्याच्या भिंतीला लावलेल्या घसरगाडीत मेंढीच्या कातड्याखाली झोपते, नुसतं नाक बाहेर. उठल्यावर गाल असे लाल की खावेसे वाटावेत. अखंड कुरकुरते मात्र. हातमोजा टोचतो, टोपी चावते, बर्फ थंड आहे! यावर मी काय करावं ते तूच सांग.

ओस्मोला बाबांनी वेइक्कोच्या लहानपणच्या स्की माळ्यावरून काढून दिल्या. नवे पट्टे लावले, डांबर चोळलं. पहिल्या दिवशी सॉनाच्या उतारावर पठ्ठ्या अकरा वेळा पडला, तोंडात बर्फ गेला, ओठ फुटला. पण एक हूं नाही की चूं नाही. शेजारची आइनो बघत होती. ती म्हणाली की सहा वर्षांचं पोर इतकं सोसतं म्हणजे कमालच. मी म्हटलं, आमच्या घरातलं आहे. राइली, अगदी तुझा नवरा. त्याच वयाचा असताना माझा भाऊ वेइक्को असाच दात आवळून उभा राहायचा. त्याला जाऊन मार्चमध्ये वर्ष होईल, आणि पोराला उतारावरून येताना बघितलं की मला क्षणभर कळेनासं होतं की कोण येतंय.

बाबा यंदा तळ्यावर फिरकी उभारणार आहेत. सत्तर वर्षांचा म्हातारा नातवंडांसाठी कुदळ घेऊन गोठलेलं तळं फोडणार, आणि नंतर त्याच्या कमरेला शेक कोणी द्यायचा, तर मी. तिकडे तुमच्याकडे पाऊसच पडतो म्हणे. पावसाला हिवाळा म्हणणाऱ्या लोकांत राहतेस, तब्येत सांभाळ.

लोभ असू दे, थंडीचं आम्ही बघून घेऊ.
तुझी,
लेम्पी

•

गोथेनबर्ग,
१८ जानेवारी

प्रिय लेम्पीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर दिवसभर झाकणं तिरकी लागली. देखरेखीची बाई दोनदा बोलली. मला अजून स्वीडिश नीट कळत नाही हे अशा वेळी बरं असतं.

तू मुलांना बाहेर नेतेस ते ठीकच आहे, मीही तिथेच वाढले. पण इथं चार भिंतींत बसून तुमचा थर्मामीटर बघता येत नाही ना, मग नको ते दिसत राहतं. कारखान्याच्या वाटेवर एक बालवाडी लागते. भर पावसात रबरी कपडे घातलेली पोरं दोरी धरून रांगेनं चाललेली असतात, नाकं वाहताहेत, हसताहेत. मी तिथं थांबते आणि रोज उशीर होतो. घरमालकीण सांदेलबाईंना मुलांचं नावही चालत नाही. जिन्यावर आवाज होतो म्हणे. या जागेत मुलं आणणं शक्यच नाही. घरांच्या यादीत नाव घातलंय, जूनच्या सुमारास दोन खोल्या मिळतील असं सांगतात. मागं टेकडी आहे, घसरायला बरी आहे, बर्फ पडला तर.

लेम्पी, दोघांचं करताना तुझी किती दमछाक होत असेल हे मला कळतं. तू एका शब्दानं बोलत नाहीस, म्हणून जास्त कळतं. केर्त्तू लहान आहे, तिला सांगून उपयोग नाही. ओस्मोला मात्र वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, ती त्याला वाचून दाखव. त्याच्याकडून तरी तुला त्रास होऊ नये.

लोभ तुझा आहे म्हणूनच मी इथं उभी आहे, तो ठेव.
राइली

(सोबतची चिठ्ठी)
चि. ओस्मोस,
आईचे अनेक आशीर्वाद.
तू स्की करतोस हे वाचून आईला फार आनंद झाला. आता तू मोठा. आत्याला त्रास द्यायचा नाही, कशाचीही कुरकुर करायची नाही. कुरकुर करणाऱ्या मुलाला घेऊन आईला परक्या देशात कसं राहता येईल? शहाण्यासारखा राहिलास की आई लवकर बोलावून घेईल. केर्त्तूला सांभाळ.
तुझी आई

•

हॅर्कालाहती,
२७ जानेवारी

प्रिय राइलीस,
स. न. वि. वि.

फिरकी उभी राहिली! बाबांनी आणि आइनोच्या नवऱ्यानं तळं फोडलं, भोकात ओंडका उभा केला आणि तो रात्रीत असा गोठून बसला की बैल लावला तरी हलायचा नाही. वर आडवा लांब वासा, वाशाच्या टोकाला घसरगाडी. आखूड बाजूनं एकानं ढकलायचं, की लांब टोकाची गाडी तळ्यावर गरगरते. केर्त्तू पहिल्या फेरीत किंचाळली, दुसऱ्या फेरीत हसली आणि तिसऱ्या फेरीनंतर उतरायलाच तयार होईना. मीही बसले, खोटं कशाला बोलू. पस्तिशीची बाई टोपी उडवत ओरडत फिरताना अख्ख्या गावानं पाहिली. बाबा म्हणाले की तुझं लग्न का जमलं नाही ते आज कळलं.

रिंगणातला सगळा बर्फ आम्ही फावड्यानं काढून कडेला रचला. कमरेएवढा बांध झालाय. त्यावर बसून गरम रस प्यायचा, आगटीवर सॉसेज भाजायचं. बांधाच्या बुडाशी थोडं पाणी वर आलेलं दिसलं तशी आइनो घाबरली. बाबांनी गिरमिटानं भोक पाडून दाखवलं, थर हातभर जाड आहे. यावरून ट्रक जाईल म्हणाले. तेव्हा तू त्या गोष्टीची काळजी करू नकोस. पुढच्या महिन्यात गावच्या सणाला सगळी पोरं येणार, घसरत जाताना यंदा जवस उंच वाढू दे म्हणून ओरडणार. जवस आता कोणी पेरत नाही, पण ओरडण्यावर कोणाची बंदी आहे?

तुझी चिठ्ठी बाबांनी ओस्मोला वाचून दाखवली. त्यानं ती तीनदा वाचून घेतली आणि घडी करून पँटच्या खिशात ठेवली. तेव्हापासून पोरगं इतकं शहाणं झालंय की मला चुकल्यासारखं होतं. जेवताना आणखी हवं का विचारलं तर नको म्हणतो. परवा दार बोटांवर आपटलं तर हात मागं लपवला. मी म्हटलं, दाखव, तर काही नाही म्हणाला. तुझ्या शब्दाला केवढा मान आहे बघ. माझं कोण ऐकतं!

केर्त्तूचा गोड पापा. लोभ आहेच, त्यात भर घाल.
लेम्पी

•

हॅर्कालाहती,
बुधवार, ४ फेब्रुवारी

राइली,

खाली बसून वाच. दोन्ही मुलं जिवंत आहेत. ओस्मो जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे, मी त्याच्या खाटेशी बसून लिहिते आहे. केर्त्तू बाबांपाशी आहे.

रविवारी आम्ही फिरकीवर गेलो होतो. पारा उणे एकोणीस, ऊन छान पडलेलं. ओस्मोनं लोकर दाबून केलेले फेल्टचे बूट घातले होते. त्या थंडीत आपल्याकडे दुसरं काय घालतात? रबरी बूट घातले असते तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, उणे वीसमध्ये पाणी असतं कुठे? पण होतं. आम्ही जो बांध रचला होता, त्याच्या वजनानं खालचा थर दबला आणि ओंडक्याच्या भोकातून, चिरांमधून पाणी वर आलं. वरच्या भुसभुशीत बर्फाच्या पांघरुणाखाली ते गोठलं नाही, तसंच साचून राहिलं. आम्ही सगळे एकच बघत होतो, थर फुटेल का. फुटणार नव्हताच. म्हणून कोणीच दुसरं काही बघितलं नाही.

केर्त्तूचा हातमोजा बांधापलीकडे उडाला, तो आणायला ओस्मो गेला आणि गुडघ्यापर्यंत आत रुतला. मी बघितलं. मी हाक मारून विचारलंही, लागलं का रे? त्यानं मान हलवली. मी हसले आणि सॉसेज उलटं केलं. त्यानंतर तो तासभर केर्त्तूला ढकलत होता, राइली. डाव्या बुटात पाणी घेऊन तासभर. मग आम्ही तळं ओलांडून स्कीवर घरी आलो, तो माझ्या पुढे होता. थोडा लंगडतोय असं वाटलं, मी म्हटलं दमला असेल.

घरी बूट निघेना. मोजा बुटाला चिकटून बसला होता. बाबांनी चाकूनं बूट कापला. शेवटची दोन बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. कोमट पाण्यात पाय धरल्यावर त्याला काय दुखलं असेल ते तुला सांगायला नको. तेव्हाही ओरडला नाही. टॉवेल चावला.

डॉक्टर म्हणतात की चौथं बोट वाचेल. करंगळीचं आत्ता सांगता येत नाही, थांबावं लागेल. मी त्याला विचारलं की तू मला सांगितलं का नाहीस. तो भिंतीकडे बघत राहिला.

दोष माझा आहे. पोरगं कुरकुरत नाही म्हणून मी गावभर मिरवलं, तुलाही लिहिलं. आज लोभ मागायला मला तोंड नाही.

लेम्पी

•

गोथेनबर्ग,
११ फेब्रुवारी

लेम्पी,

नमस्कार लिहीत नाही, रागानं लिहिते आहे ते कळू दे.

तू बघितलंस. तो पाण्यात गेलेला तू बघितलंस आणि सॉसेज उलटं केलंस. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. झाकणं लावताना, झोपताना, तेच.

तुमच्या घराण्याला या न बोलण्याचा एवढा कसला गर्व आहे? वेइक्को जंगलात लाकूडतोड्यांच्या खोलीत तीन दिवस पोट धरून पडला होता. बरोबरच्या माणसांनी विचारलं तर काही नाही म्हणाला. चौथ्या दिवशी आतडं फुटलं. एक शब्द बोलला असता तर आज माझी मुलं बापाजवळ असती आणि मी या पावसाळी गावात नसते. अंत्यविधीला सगळे म्हणत होते की शेवटपर्यंत तक्रार केली नाही हो त्यानं, आणि तुझे डोळे अभिमानानं भरून आले होते. मी बघत होते. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं होतं. आणि आता माझ्या मुलाला तू तेच शिकवलंस.

महिनाअखेर मी येते आणि दोघांना घेऊन जाते. सांदेलबाईंनी हाकललं तर हाकलू देत. सकाळी सहा ते चार त्यांना खोलीत कुलूप लावून ठेवावं लागलं तरी चालेल. निदान पाय कोरडे राहतील. तोवर त्यांना घराबाहेर काढायचं नाही. अंगणातसुद्धा नाही.

लोभाचं पुढे बघू.
राइली

•

हॅर्कालाहती,
१९ फेब्रुवारी

राइलीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वेइक्कोबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. माझे डोळे अभिमानानंच भरले होते. आज आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

ओस्मोला घरी आणलंय. चौथ्या बोटाला रंग आला. करंगळी वरच्या पेरापर्यंत काळी पडली आहे, पुढच्या आठवड्यात तेवढा तुकडा काढतील. चालायला अडणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तू म्हणालीस तसं मुलांना बाहेर काढलेलं नाही. केर्त्तू खिडकीला नाक लावून रडते, दुपारची झोपत नाही, माझ्या पोटावर बुक्के मारते. तिचं मला वाईट वाटत नाही. ती बोंबलते म्हणून तिचे हातपाय धड आहेत. ओस्मो भिंतीशी बसून आजोबांच्या पत्त्यांचे मनोरे करतो. बाहेर जायचं का असं तो एकदाही विचारत नाही. गावचा सण झाला, पोरांचा ओरडा घरात ऐकू येत होता. बाबांनी दुसऱ्याच दिवशी करवतीनं फिरकीचा ओंडका कापला.

मुलांचे कपडे धुऊन बांधून ठेवते. केर्त्तूचे लोकरी पायमोजे दोन जोड नवे विणलेत. कुलूप लावणार असलीस तर एवढंच सांगते, केर्त्तूचा हात कडीला पोचतो.

त्यानं मला का सांगितलं नाही, ते मला कळलंय. दवाखान्यात त्याची पँट धुवायला घेतली तेव्हा कळलं. ते तू मला विचारू नकोस. चूक माझ्या नावावर आहे, ती तिथेच राहू दे.

तू कशीही आलीस तरी दार उघडं आहे.
लेम्पी

•

हॅर्कालाहती,
२० फेब्रुवारी

चि. राइलीस,
ताव्हेत्तीचे अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. लेम्पी गोठ्यात गेली आहे, ती यायच्या आत संपवतो. तिला हे पत्र कळू देऊ नकोस. ती म्हणते बाबा तुम्ही यात पडू नका. पण ती रोज रडते आणि तुला काही सांगत नाही, आणि तू तिला बोलतेस. दोघी शहाण्या आहात, पण मला हे पटत नाही.

ओस्मोला तुला पत्र लिहायचं होतं. तो सांगेल तसं मी लिहून घेतलं. अक्षर माझं, बोलणं त्याचं. मी एकही शब्द घातलेला नाही.

आई. माझा पाय असा झाला आहे, पण मी रडलो नाही. बुटात पाणी गेलं तेव्हा मी आत्याला सांगितलं नाही. आजोबांना पण नाही सांगितलं. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस की कुरकुर केली तर बोलावणार नाही. चिठ्ठी खिशात होती. पाय आधी थंड होता, मग गरम वाटला, मग काहीच वाटलं नाही, मग सोपं होतं. दवाखान्यात पण मी ओरडलो नाही, नर्सला विचार. आता माझं बोट कापणार आहेत. बोट नसलं तर स्वीडन रद्द का? आजोबा म्हणतात रद्द नाही पण त्यांना नक्की माहीत नाही. तू सांग. ओस्मो.

एवढंच. उत्तर त्याला दे, मला नको.

तुझा सासरा,
ताव्हेत्ती

•

गोथेनबर्ग,
१ मार्च

प्रिय लेम्पी,
स. न. वि. वि.

मी आले नाही. बोटीचं तिकीट काढलं होतं, ते परत केलं. का ते सांगते.

मला सगळं कळलं. कोणाकडून ते विचारू नकोस, म्हाताऱ्यावर रागावू नकोस. चिठ्ठीत मी काय लिहिलं होतं ते मी विसरूनही गेले होते, लेम्पी. घाईत, झोपायच्या आधी, आया जे लिहितात ते लिहिलं होतं. तुला त्रास होऊ नये एवढाच विचार होता. आणि तुला मी वेइक्कोवरून बोलले! तू ती चिठ्ठी त्याच्या खिशात बघितलीस, वाचलीस आणि माझं ते पत्र आल्यावरही गप्प बसलीस. तू मला एका ओळीत गप्प करू शकली असतीस. मला तुझी क्षमा मागायची आहे आणि ती कशी मागायची ते मला येत नाही. कारखान्याच्या मोरीत उभी राहून मोठ्यानं रडले. स्वीडिश बायका पाणी घेऊन धावत आल्या, काय झालं विचारू लागल्या, आणि मला त्यांच्या भाषेत सांगता येईना.

मुलांना घेऊन जायचं मी रागानं ठरवलं होतं. या खोलीत कुलूप लावून ठेवणं म्हणजे मी त्यांना पुन्हा गप्प बसायलाच शिकवणार. जूनमध्ये घर मिळालं की तू, मी आणि बाबा बसून ठरवू. त्यांना आणायचं की मीच परत यायचं, हे आज मला माहीत नाही.

आता माझं ऐक. त्यांना बाहेर काढ. पाय बरा झाला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की पहिल्या उन्हात बाहेर काढ. खिडकीशी बसलेली मुलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी घातलेली बंदी मीच उठवते आहे. आणि तो काहीही म्हणाला, पाणी, दगड, ऊन, भूक, तर त्याला शाबासकी दे. खालचं त्याला तूच वाचून दाखव, मोठ्यानं.

ओस्मो, स्वीडन रद्द नाही. बोट असलं काय, नसलं काय, तू माझा. आईनं चिठ्ठीत चूक लिहिलं होतं. ती चिठ्ठी चुलीत टाक. आईला कुरकुर करणारा ओस्मोच हवा आहे. जे जे आवडत नाही ते सगळं मला कळव, एकही गोष्ट गाळू नकोस. माझ्याबद्दलची असली तरी कळव.

लोभ मी गमावला नसेल तर थोडा पाठव.
राइली

•

हॅर्कालाहती,
रविवार, १५ मार्च

प्रिय राइलीस,
स. न. वि. वि.

आधी हे, की क्षमेचं पुन्हा लिहायचं नाही. दोघींनी मिळून केलेली चूक आहे, अर्धी अर्धी वाटून घेऊ. मोठा वाटा मी घेईन, मी वयानं मोठी आहे. बाबांना मी काही बोलले नाही. फक्त तीन दिवस त्यांच्या कॉफीत साखर विसरले.

करंगळीचा तुकडा २७ तारखेला काढला. जखम भरली. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण घाबरत होतो ते आम्हीच. मी चार दिवस काही ना काही निमित्त काढत होते, आज वारा आहे, आज ढग आहेत. शेवटी आज सकाळी बाबांनी दार उघडलं आणि दोघांना कपडे घालायला लावले.

तुला आठवत असेल, या दिवसांत दुपारच्या उन्हानं बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी वरचं कवच इतकं कडक होतं की माणूस कुंपणावरून, झुडपांवरून, कुठूनही चालत जातो. आज तसं होतं. ऊन डोळ्यांत शिरत होतं. ओस्मोच्या डाव्या पायात तीन मोजे आणि वर बाबांचा बूट. पाय मारून पळवायच्या घसरगाडीवर त्याला बसवलं, मागे मी, आणि केर्त्तू पुढे पळत होती, पडत होती, बोंबलत होती. आम्ही आइनोच्या शेतातून थेट रानात गेलो.

वाटेत मी त्याला म्हटलं, आईनं काय सांगितलंय? त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. मग हळूच म्हणाला की ऊन टोचतं. मी शाबास म्हटलं. मग म्हणाला की बूट मोठा आहे. मग रस आंबट आहे. मग केर्त्तू फार ओरडते, आत्या तू गाडी वेडीवाकडी चालवतेस, आजोबा घोरतात, बिस्किट उंदरानं खाल्लं आणि तू मला सांगितलं नाहीस. राइली, धरणाचं दार उघडावं तसं. मला हसू येत होतं आणि मी हसू दाबत होते. तो गाडीवरून उतरला, लंगडत लंगडत त्या कवचावरून चालू लागला, बोलतच होता. एका टेकाडापाशी थांबला आणि पाय आपटून म्हणाला की मला आईचा राग आलाय. ती गेली. बाबा गेले आणि मग ती पण गेली, आणि वर म्हणते कुरकुर करू नको. ती लबाड आहे.

आणि मग रडला. वेइक्कोच्या अंत्यविधीला रडला नव्हता, तू गेलीस तेव्हा नाही, बोट कापलं तेव्हा नाही. आज बर्फावर बसून असा मोठ्यानं रडला की केर्त्तू घाबरून गप्प झाली. मी त्याच्या शेजारी बसले. उगी म्हणायची फार सवय आहे गं आपल्याला. जीभ चावून बसले, पण उगी म्हटलं नाही. नाक पुसायलाही हात पुढे केला नाही. बऱ्याच वेळानं तो आपणच थांबला, बाहीला नाक पुसलं आणि म्हणाला की हे पण लिही. मी म्हटलं, सगळं? तर म्हणाला, लबाडसुद्धा. म्हणून लिहिलंय.

घरी येऊन मात्र त्याला भीती वाटायला लागली. जेवताना मला विचारलं की आता आई बोलावेल का. मी म्हटलं, आईनंच सांगितलं होतं ना. त्याचं समाधान झालं नाही. म्हणाला की तिनं आधीही सांगितलं होतं.  याचं उत्तर तुझ्याकडेच आहे, राइली. उद्यापासून आम्ही रोज सकाळी कवचावर जाणार आहोत. बस येईल तेव्हा तो फाट्यापाशी उभा राहणार आहे म्हणे, टपालाची पिशवी उतरेपर्यंत.

लोभ पाठवते आहे, थोडा नाही, आहे तेवढा.
तुझी,
लेम्पी

•

तार
गोथेनबर्ग, २३ मार्च
लेम्पीस, हॅर्कालाहती

ईस्टरला येते. गुरुवारी दुपारच्या बसनं. दोघांना बाहेर उभं कर. ओस्मोची समजूत घालू नकोस. मी पोचेपर्यंत त्याला रागावलेलाच राहू दे.
राइली